पादोव्हाहून वीस मतं

फेब्रुवारीत निवड झाली, किशिनावच्या सभागृहात.
बाहेर चिखल झालेला बर्फ, आत सत्तावीस गाणी,
पाच परीक्षक,
आणि धुराचं एक यंत्र, मधेच खोकणारं.
आमच्या गल्लीतला इलारिओन बाविसावा उभा राहिला,
सुतारकाम शिकवणाऱ्या मास्तरांचा धाकटा.

गाणं मूळ त्याच्या आजोबांचं.
मेंढ्या टेकडी उतरेपर्यंत चालायचं,
अकरा मिनिटं तरी.
नियम तीन मिनिटांचा.
आजोबांचा कोट उसवून नातवाला बंडी शिवावी
तसं कापलं त्याने.
बाह्या गेल्या, अस्तर गेलं,
एक खिसा तेवढा राहिला.

एक परीक्षक म्हणाल्या, शब्द इंग्रजीत हवेत,
नाहीतर युरोपला कळणार कसं?
इलारिओन बरं म्हणाला.
तो सगळ्यांनाच बरं म्हणतो.
सगळे शब्द देऊन टाकले त्याने, एक सोडून.
आमच्याकडे ओढीला दोर म्हणतात.
तेवढा त्याने हातातून सुटू दिला नाही.

निवडून आला.
कॅमेरे येणार म्हणून नगरपालिकेने
आमच्या रस्त्यावरचे तीन खड्डे बुजवले.
चौथा मास्तरांच्या दाराच्या पलीकडे होता,
तो अजून आहे.

मे महिन्यात अक्रोडाखाली टीव्ही मांडला,
स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून.
कोंबड्या वैतागून फांदीवर चढल्या.
आम्ही सगळे फोन हातात घेऊन तयार,
तेव्हा येफ्रोसिनियाने चष्मा लावून नियम वाचला:
आपल्या देशाला
आपल्या घरातून मत देता येत नाही.

म्हणजे जे सोडून गेले, त्यांनाच येतं.

मी बसल्या बसल्या गल्ली मोजली.
तेरा घरं, अकरा मतं बाहेर.
दोघं लिस्बनला विटा रचतात,
एक डब्लिनला कोंबड्या सोलतो, इकडे पिसाला घाबरायचा.
आणि माझी अग्रिपिना, सहा वर्षं पादोव्हाला,
एका म्हाताऱ्या वकिलाला भरवते, त्याची कूस बदलते,
रात्री त्याच्या खोकल्याकडे कान ठेवून झोपते.

तिचा फोन आला, दबक्या आवाजात.
किती वेळा देता येतं?
वीस.
एकाला किती पडतात?
सांगितलं.
मग ती गप्प. तिचा हिशेब मला इथवर ऐकू येतो.
वीस मतं म्हणजे पोरीचा एक बूट.
जोड नाही, एकच.
देते, म्हणाली.

परीक्षकांनी आम्हाला अकरा गुण दिले,
त्यातले सहा शेजाऱ्यांचे, लाजेकाजेस्तव.
मग लोकांची मतं आली, देशामागून देश.
इटली: बारा!
अंगणात असा ओरडा झाला की
कोंबड्या फांदीवरून टीव्हीवर पडल्या.
तिकडे पडद्यावर इलारिओन नेमका नाक शिंकरत होता.
एकूण सतरावे आलो.
निवेदक कौतुकाने म्हणाला,
इटलीला यांचं संगीत फार भावतं.

भावतं.

मध्यरात्रीनंतर तिचा पुन्हा फोन.
मी वायर गुंडाळत होतो,
फोन खांद्याने कानाशी दाबून.
कसं होतं गं गाणं, मीच विचारलं, खुशीत.
ती म्हणाली, मला काय माहीत?
म्हातारा झोपला होता, आवाज बंद ठेवून पाहिलं.
शर्ट छान होता त्याचा.
तू सांग, कसं होतं?

मला सूर कधीच नव्हता.
लग्नातही बँडवाल्यांनी मला हात जोडले होते.
तरी म्हटलं.
बंडी नाही, कोटच काढला, आजोबांचा,
बाह्यांसकट, अस्तरासकट, जेवढा आठवला तेवढा.
अंगणात नियम सांगायला कोणी नव्हतं,
येफ्रोसिनियासुद्धा झोपायला गेली होती.

सातव्या की आठव्या मिनिटाला
तिकडे म्हातारा खोकला.
थांब, ती म्हणाली, आलेच मी.
ठेवू नकोस.